पाच लक्ष पत्ते आणि परतीची अट

युरोप, पश्चिम आशिया आणि मध्य आशियाचा काही भाग एवढ्या प्रदेशातील इंटरनेटच्या अंकी पत्त्यांची नोंद ठेवणारी राइप एनसीसी ही संस्था ॲम्स्टरडॅम येथे आहे. तिच्या ताब्यात ५,२४,२८८ पत्त्यांचा एक साठा असा आहे की त्यातील एकही पत्ता ती कोणास कायमचा देत नाही. परिषदा, प्रदर्शने, संगणकप्रेमींची शिबिरे आणि थोड्या मुदतीचे संशोधन-प्रयोग यांसाठी हे पत्ते मागितले जातात, काही दिवस वा काही आठवडे वापरले जातात आणि काम उरकले की संस्थेकडे परत जातात. आज जर्मनीतील मेळाव्यात वापरले गेलेले पत्ते पुढे नॉर्वेतील दुसऱ्या मेळाव्यात दिसतात. मधल्या काळात ते रिकामे असतात. आणि ते रिकामे असतात म्हणूनच प्रश्न विचारला जातो की, जगात पत्त्यांचा दुष्काळ पडलेला असताना पाच लक्ष पत्ते असे पडून का ठेवावयाचे? ते रांगेत उभ्या असलेल्यांना वाटून का टाकू नयेत?

प्रश्न गैर नाही. त्याचे आमचे उत्तर मात्र स्पष्ट आहे: हा साठा मोडू नये, आणि जेथे असा साठा नाही तेथे, भारतातही, लहान का होईना तो उभा करावा. विषय तांत्रिक आहे आणि वाचकांपैकी अनेकांना तो दूरचा वाटेल याची आम्हास जाणीव आहे. तथापि सार्वजनिक वस्तूची खाजगी मालमत्ता कशी होते, हे ज्यांना सात-बाराच्या उताऱ्यावरून व गायरानांच्या इतिहासावरून ठाऊक आहे, त्यांना हा विषय समजावयास वेळ लागू नये.

इंटरनेटवर बोलू पाहणाऱ्या प्रत्येक यंत्रास अंकी पत्ता लागतो. सप्टेंबर १९८१ मध्ये निश्चित झालेल्या ज्या पद्धतीवर (तिला चौथी आवृत्ती म्हणतात) जगाचा मोठा व्यवहार अजून चालतो, तीत या पत्त्याची लांबी ३२ द्विमान अंकांची ठरली. त्यातून ४२९ कोटी ४९ लक्ष ६७ हजार २९६ पत्ते निघतात. एकही अधिक निघू शकत नाही. त्या वेळी हे जाळे मुख्यत्वे अमेरिकेतील काही विद्यापीठे व संशोधनसंस्था यांच्यापुरते होते आणि जॉन पोस्टेल हा संशोधक पत्त्यांची नोंदवही जवळजवळ एकहाती सांभाळीत असे. एवढे पत्ते कधी संपतील असे कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. मागेल त्याला पत्ते मिळत, आणि मागावयाचे असते हे ज्याला ठाऊक होते तोच मागे. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेस एकटीस १,६७,७७,२१६ पत्त्यांचा एक अखंड गट मिळाला. फोर्ड या मोटार कंपनीस तेवढाच, ॲपल कंपनीस तेवढाच. आज एकशेचाळीस कोटींच्या भारताच्या नावावर सगळे मिळून चार कोटींच्या आसपास पत्ते आहेत आणि अमेरिकेच्या नावावर दीडशे कोटींहून अधिक. ही विषमता कोणी कट करून घडविली असे आम्ही म्हणत नाही. जो आधी आला त्याने आपली मेख ठोकली, एवढेच झाले. आणि जमिनीच्या इतिहासात तरी याहून वेगळे काय झाले आहे?

याच इतिहासात स्टॅनफर्ड विद्यापीठाचेही नाव आहे. त्याच्याकडेही तसाच पावणेदोन कोटींच्या घरातील गट होता. आपणास एवढ्यांची गरज नाही असे ठरवून विद्यापीठाने तो २००० साली परत केला. त्या वेळी पत्त्यांना बाजारभाव नव्हता. पुढे तो आला आणि परत करण्याची चाल थांबली.

३ फेब्रुवारी २०११ रोजी मियामी येथे जगाच्या मध्यवर्ती साठ्यातील शेवटचे पाच मोठे गट पाच विभागीय नोंदणी-संस्थांना एकेक याप्रमाणे वाटण्यात आले. मध्यवर्ती कोठार त्या दिवशी रिकामे झाले. आशिया-प्रशांत विभागाची संस्था एपनिक अवघ्या दहा आठवड्यांत, १५ एप्रिलला, आपल्या शेवटच्या गटावर आली आणि तेथून पुढे प्रत्येक सभासदास जास्तीत जास्त १,०२४ पत्ते, २०१९ पासून तर ५१२ च, अशी शिधावाटपाची पद्धत सुरू झाली. त्याच २०११ साली नॉर्टेल या दिवाळे निघालेल्या कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लक्ष डॉलरना विकत घेतले. म्हणजे एका पत्त्यास सव्वाअकरा डॉलर. ज्या वस्तूसाठी नॉर्टेलने कधी किंमत मोजली नव्हती, ती तिच्या धनकोंच्या हिशेबात मालमत्ता म्हणून जमा झाली. पुढच्या दहा वर्षांत भाव पन्नास डॉलरच्याही वर चढला, नंतर उतरला. २०१७ साली मॅसॅच्युसेट्सच्या त्या संस्थेने आपल्या गटाचा जवळजवळ अर्धा भाग विकावयास काढला आणि ॲमेझॉन कंपनीने त्यातून मोठी खरेदी केली. त्याच ॲमेझॉनने १ फेब्रुवारी २०२४ पासून आपल्या ग्राहकांना प्रत्येक सार्वजनिक पत्त्यामागे ताशी अर्धा सेंट आकारावयास आरंभ केला. वर्षाचे साधारण चव्वेचाळीस डॉलर होतात. एका वर्षाच्या भाड्यात वस्तूची खरेदी वसूल व्हावी, असे भाग्य आमच्या ओळखीच्या कोणत्याही घरमालकास लाभलेले नाही!

हौशी रेडिओवाल्यांची कथा या सर्वांत अधिक बोलकी आहे. हौस म्हणून बिनतारी संदेश पाठविणाऱ्या जगभरच्या मंडळींसाठी प्रारंभीच्या काळात एक संपूर्ण गट, तोच १,६७,७७,२१६ पत्त्यांचा, राखून ठेवला गेला होता. तो कोणा एकाचा नव्हता. परवानाधारक हौशी प्रक्षेपकांचा तो सामाईक ठेवा होता. पुढे त्याची व्यवस्था पाहण्यासाठी अमेरिकेत एक नोंदणीकृत संस्था झाली, आणि २०१९ साली तिने या गटाचा चतुर्थांश, म्हणजे ४१ लक्ष ९४ हजार ३०४ पत्ते, ॲमेझॉनला विकले. दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम आली. ती संस्था त्या पैशातून अनुदाने देते, चांगल्या कामांना देते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्यांच्यासाठी तो गट राखला होता त्या जगभरच्या हौशी मंडळींपैकी कितीजणांना विक्रीपूर्वी विचारले गेले? अनेकांना ती गोष्ट झाल्यावर कळली. सामाईक वस्तूचा कारभार पाहण्यासाठी नेमलेला कारभारी तिचा विक्रेता कसा होतो, याचे हे उदाहरण आहे; आणि त्यात कोणी चोरी केलेली नाही म्हणून ते अधिक विचार करावयास लावणारे आहे.

आफ्रिकेत याहून वाईट झाले. तेथील विभागीय संस्थेकडून सेशेल्समध्ये नोंदलेल्या एका कंपनीने साठ लक्षांहून अधिक पत्ते मिळविले आणि ते आफ्रिकेबाहेरील ग्राहकांना भाड्याने दिले. संस्थेने हरकत घेताच प्रकरण मॉरिशसच्या न्यायालयात गेले, २०२१ साली संस्थेची बँकखाती गोठली आणि २०२३ साली तिच्यावर न्यायालयाने रिसीव्हर नेमला. सर्वांत कमी यंत्रे ज्या खंडात जोडली गेली होती, त्याच खंडाच्या वाट्याचे पत्ते असे बाहेर गेले.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे राइपचा तो पाच लक्षांचा साठा काय आहे हे कळते. एका पत्त्याचा भाव वीस डॉलर धरला तरी त्याची किंमत एक कोटी चार लक्ष डॉलरच्या वर जाते. तरीही तो विकला जात नाही, कारण तो ज्याला मिळतो त्याला त्याची मालकी मिळत नाही. मिळतो तो केवळ उपभोग, तोही मुदतीचा.

आता परिषदेला पत्ते लागतातच कशाला, हे पाहिले पाहिजे. २०१९ च्या डिसेंबरात लाइप्झिग येथे भरलेल्या संगणक कार्यकर्त्यांच्या वार्षिक मेळाव्यास सुमारे सतरा हजार माणसे होती. आजच्या माणसाजवळ एक मोबाईल, एक संगणक आणि बहुधा आणखी एखादे यंत्र असते. चार दिवसांसाठी एक लहान शहर उभे राहते आणि ते मोडते. हे शहर जाळ्यास जोडण्याची सोपी रीत म्हणजे सर्वांना खाजगी क्रमांक द्यावेत आणि बाहेर जाताना त्यांना मोजक्या सार्वजनिक पत्त्यांच्या आड लपवावे. घरोघर, कचेरी-कचेरीत हेच चालते. परंतु एका पत्त्याआड एका वेळी मावणाऱ्या जोडण्यांना मर्यादा आहे. प्रत्येक पत्त्यावर ६५,५३६ दारे असतात आणि एक साधे पान उघडताना एक यंत्र डझनावारी दारे अडविते. गर्दी वाढली की जोडण्या तुटतात. दूरच्या संकेतस्थळास एकाच पत्त्यावरून हजारो विनंत्या येताना दिसतात आणि तेथील पहारेकरी तो पत्ताच बंद करतो. शिवाय अशा आडोशामागील यंत्र बाहेर बोलू शकते. बाहेरून त्याच्याशी कोणी बोलणे आरंभू शकत नाही. व्याख्याने ऐकावयास आलेल्या श्रोत्यास याने काही अडत नाही. मात्र जाळे कसे बांधावे हे शिकण्यासाठीच जी माणसे जमली आहेत, ज्यांना आपल्या टेबलावरील यंत्र जगास उघडे करून दाखवावयाचे आहे, त्यांच्यासाठी ही अडचण मोठी आहे. पोहण्याच्या वर्गास काठावर बसवून ठेवण्यासारखे ते आहे.

हा साठा नसता तर आयोजकांपुढे दोन मार्ग राहतात. एखाद्या दूरसंचार कंपनीस पुरस्कर्ता करून घ्यावयाचे आणि तिचे पत्ते वापरावयाचे. किंवा दलालाकडून भाड्याने घ्यावयाचे. दलालाचा दर महिन्याला पत्त्यामागे अर्ध्या डॉलरच्या आसपास असतो. ६५,५३६ पत्ते घेतले तर एका महिन्याचे तीस-बत्तीस हजार डॉलर झाले. नफेखोर नसलेल्या, स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या मेळाव्यास ही रक्कम परवडावयाची नाही, म्हणून तो पुरस्कर्त्याकडे जातो. पुरस्कर्ता वाईटच असतो असे नाही. पण ज्याच्या ओसरीवर सभा भरवावयाची त्याच्याविरुद्ध ठराव करणे अवघड जाते, हे आमच्या कार्यकर्त्यांस सांगावयास नको. दूरसंचार कंपन्यांच्या पाळत ठेवण्यावर, दरांवर, सरकारी जाळेबंदीवर जेथे मोकळेपणाने बोलावयाचे, त्या सभेची वीज आणि वाट त्याच कंपनीच्या हाती नसावी, एवढी अपेक्षा वाजवी आहे. सार्वजनिक साठ्याचे खरे मोल आम्हास येथे दिसते.

राइपच्या नियमांत सोय आहे तशी शिस्तही आहे. मागणाऱ्याने प्रयोजन सांगावे, मुदत सांगावी, इतके पत्ते खरोखर वापरले जातील हे दाखवावे, आणि मुदत संपताच ते परत करावेत. नियमांच्या तपशिलात काही उणिवा राहिल्या होत्या. उदाहरणार्थ, एखाद्या संशोधकास दहाच पत्ते लागत असत, पण जगातील बहुतेक जाळी २५६ हून लहान गटाची वाटच आपल्या तक्त्यात नोंदवीत नाहीत. मग दहा पत्ते हाती असूनही प्रयोग होत नसे. पुढे दुरुस्ती होऊन २५६ चा गट ही साधारण किमान मर्यादा ठरली. अशी दुरुस्ती सभासदांच्या खुल्या चर्चेतून झाली, ही गोष्ट आम्हास महत्त्वाची वाटते.

उसन्या पत्त्यांचे संसार मात्र सुखाचे नसतात. गावकीची भांडी लग्नकार्यास नेली तर ती घासून परत करावयाची असतात, आणि एखाद्याने पोचे पाडून परत केली तर पुढच्या यजमानाची पंचाईत होते. तसेच येथे घडते. मेळाव्यातील एखाद्या दिवट्याने त्या पत्त्यावरून अनाहूत टपाल धाडले, की तो पत्ता जगभरच्या काळ्या यादीत जातो आणि यादी चालविणाऱ्यास मेळावा केव्हा संपला हे ठाऊक नसते. दुसरी अडचण स्थळाची. कोणता पत्ता कोणत्या देशात आहे याच्या याद्या खाजगी कंपन्या ठेवतात आणि त्या सावकाश बदलतात. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरविणाऱ्या आयईटीएफ या मंडळाच्या सभा वर्षातून तीनदा वेगवेगळ्या देशांत भरतात व पत्ते सभेबरोबर प्रवास करतात; परिणामी सभासद एका शहरात बसलेले असताना नकाशा त्यांना मागील सभेच्या शहरात दाखवितो, आणि हवामान, चलन, भाषा सगळे तिकडचे येते. यावर उपाय म्हणून पत्त्याच्या धारकाने आपले स्थान स्वतःच जाहीर करण्याचा एक साधा तक्ता २०२० साली ठरविण्यात आला. आणखी एक काम म्हणजे वाटांच्या नोंदी: हा गट या जाळ्यातून निघतो असे जाहीर करणारी सही-शिक्क्याची नोंद मेळाव्यापूर्वी करावी लागते आणि नंतर आठवणीने काढावी लागते. राहून गेली तर पुढच्या मेळाव्याचे दार पहिल्याच दिवशी बंद राहते. ही कामे कंटाळवाणी आहेत. परंतु सामाईक वस्तू टिकतात त्या अशाच कंटाळवाण्या कामांवर, आणि ती करणाऱ्या स्वयंसेवकांची नावे कोणत्याही भाषणात घेतली जात नाहीत.

आता रांगेत उभ्या असलेल्यांकडे वळू. २५ नोव्हेंबर २०१९ रोजी राइपचा सर्वसाधारण साठा संपला. तेव्हापासून नव्या सभासदास रांगेत राहून, कोठून परत आलेले पत्ते हाती आले तर, २५६ पत्त्यांचा एक गट मिळतो. या रांगेत खेडोपाडी जाळे पोहोचवू पाहणाऱ्या लहान संस्था आहेत. त्यांची निकड मेळाव्यांपेक्षा मोठी आहे, असे कोणी म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही. तात्पुरता साठा मोडला तर असे २,०४८ गट निघतील आणि तेवढ्यांची रांग हलेल. पण पुढे काय? दिलेले पत्ते त्या विभागाच्या नियमानुसार दोन वर्षांनी विकता येतात. शेवटच्या काळात एकाच माणसाने अनेक सभासदत्वे घेऊन, प्रत्येकावर एकेक गट पदरात पाडून, मुदत संपताच बाजारात नेल्याची उदाहरणे झाली आहेत. म्हणजे आजची रांग एकदा शमेल, दोन वर्षांत त्यातील बरेचसे पत्ते मोठ्या खरेदीदारांकडे जातील आणि उद्याची रांग तेवढीच राहील; साठा मात्र कायमचा गेलेला असेल. गरजूस खरोखर मदत करावयाची असेल तर आधी विक्रीचा नियम बदलावा. नव्याने दिलेला पत्ता विकता येणार नाही, गरज संपली की तो परतच करावा लागेल, अशी अट घालावी. ती घालण्यास कोणी पुढे येत नाही, आणि जो एक साठा त्या अटीवर चालतो आहे तोच मोडावयाचा, यातील विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे.

रिकामा दिसतो म्हणून तो वाया जातो, हा समजही तपासून पाहावा. लोणंदला, फलटणला, वाखरीला पालखीतळ आहेत. वर्षातले बहुतेक दिवस तेथे माणूस नसतो. म्हणून त्यांचे भूखंड पाडावेत असे सुचविणारा माणूस आषाढात लाखो वारकऱ्यांस कोठे उतरविणार आहे? जागेची उपयुक्तता वर्षातील दिवस मोजून ठरत नाही.

एक आक्षेप आम्हास अधिक टोचतो. या मेळाव्यांना जातो कोण? बहुधा सुखवस्तू युरोपीय तरुण, सुशिक्षित, पुरुषच अधिक. खेळण्यासाठी हजारो संगणक एकत्र जोडणारे उत्सवही याच साठ्यातून पत्ते घेतात. चार दिवसांच्या खेळासाठी हजारो पत्ते आणि गावच्या शाळेस एकही नाही, हे चित्र समर्थनीय नाही. आमचे म्हणणे असे की यावर उपाय अग्रक्रम ठरविण्याचा आहे. शिक्षण, संशोधन, लोकांच्या खुल्या सभा यांस प्रथम. तिकीट लावून नफा कमावणाऱ्या व्यापारी प्रदर्शनांस शेवटी, आणि त्यांच्याकडून खर्च वसूल करून. कोणी किती घेतले, किती वापरले, केव्हा परत केले, याचा जमाखर्च सर्वांस पाहता यावा.

राहता राहिला सहाव्या आवृत्तीचा प्रश्न. नव्या पद्धतीत पत्त्यांची संख्या चौतीसवर सदतीस शून्ये इतकी प्रचंड आहे. मग जुन्या पत्त्यांसाठी हा आटापिटा कशाला, असे तरुण अभियंते विचारतात. त्यांचे म्हणणे दिशेने बरोबर आहे. ब्रुसेल्सच्या विद्यापीठात दर फेब्रुवारीच्या सुमारास मुक्त संगणकप्रणालीवाल्यांची फॉसडेम ही हजारोंची परिषद भरते. तिथे २०१४ पासून मुख्य बिनतारी जाळे केवळ सहाव्या आवृत्तीचे ठेवले जाते, जुन्या जगाकडे जाण्यासाठी मध्ये एक दुभाषी यंत्र असते, आणि ज्यांचे यंत्र त्यावर चालत नाही त्यांच्यासाठी वेगळे जाळे असते. त्या जाळ्याचे नाव त्यांनी 'पुरातन' अशा अर्थाचे ठेवले आहे! दरवर्षी त्या पुरातन जाळ्यावर अडून बसलेल्या प्रणालींचे दोष तेथेच उघडे पडतात व दुरुस्त होतात. परिषद ही अशी प्रयोगशाळा असते. तरीही अनेक मोठी संकेतस्थळे आजही फक्त जुन्या पत्त्यावर बोलतात, दुभाषी यंत्रासही थोडे जुने पत्ते लागतातच, आणि संक्रमणाचा प्रयोग करावयाचा तर दोन्ही पद्धती हाताशी असाव्या लागतात. तेव्हा उसने पत्ते नेणाऱ्या प्रत्येक मेळाव्याने सहावी आवृत्तीही चालविलीच पाहिजे, अशी अट घालणे आम्हास योग्य वाटते. मागणीचे प्रमाण त्याने आपोआप उतरेल.

या बाबतीत भारत मागासलेला नाही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओचे जाळे सुरू झाले ते सहाव्या आवृत्तीवर भर देऊनच. कोट्यवधी ग्राहकांना देण्यास जुने पत्ते नव्हते, हे त्यामागील साधे कारण. आज भारतातील दहापैकी सात वापरकर्ते नव्या पद्धतीने जोडलेले आढळतात आणि हे प्रमाण जगात अग्रभागी आहे. टंचाईने आपणास पुढे ढकलले. परंतु त्या प्रगतीचा लाभ मोठ्या मोबाईल कंपन्यांच्या ग्राहकांपुरता आहे. महाविद्यालयाच्या सभागृहात तीनशे विद्यार्थ्यांचे शिबिर भरविणाऱ्या प्राध्यापकास आजही स्थानिक सेवादात्याच्या मेहेरबानीवर अवलंबून राहावे लागते. त्याला स्वतंत्र सभासद होऊन पत्ते घ्यावयाचे तर वर्षानुवर्षे वर्गणी भरावी लागेल, आणि तीन दिवसांसाठी कोणी तसे करीत नाही.

आपल्याकडे पत्त्यांची नोंद निक्सी या संस्थेच्या छत्राखालील इरिन ही राष्ट्रीय नोंदणी-संस्था ठेवते. तिला २०१२ साली एपनिकची मान्यता मिळाली. तात्पुरत्या वाटपाचा विषय एपनिकच्या वर्तुळातही चर्चेला आलेला आहे. आमची सूचना माफक आहे. परत आलेल्या व ताब्यात घेतलेल्या पत्त्यांतून २५६ चे सोळा गट, म्हणजे ४,०९६ पत्ते, कायमचे बाजूस ठेवावेत. विद्यापीठे, विज्ञानप्रसाराच्या संघटना, नफा न करणाऱ्या तांत्रिक मंडळी यांना शिबिर वा परिषदेसाठी ते जास्तीत जास्त एक महिना द्यावेत. सभासदत्वाची अट नसावी. शुल्क नोंदीच्या खर्चापुरते असावे. सहावी आवृत्ती चालविणे सक्तीचे असावे. मुदतीनंतर परत न करणाऱ्यास पुन्हा मिळू नयेत, आणि गट पुढच्याच्या हाती देण्यापूर्वी काळ्या याद्या तपासून तो स्वच्छ करण्याची जबाबदारी नोंदणी-संस्थेने घ्यावी. हे पत्ते कोणत्याही परिस्थितीत कायम वाटपात वळविता येणार नाहीत, असे नियमात पहिल्याच कलमात लिहिलेले असावे. कारण टंचाई वाढेल तशी ही मागणी प्रत्येक वर्षी पुन्हा येईल.

एपनिकच्या धोरणसभेत बोलण्यास सभासद असावे लागत नाही. प्रस्ताव कोणीही मांडू शकतो व निर्णय मतमोजणीने न होता एकमताच्या वाटाघाटीने होतात. सभा दूरस्थ पद्धतीनेही ऐकता येते. तेथे आजवर कंपन्यांचे प्रतिनिधी अधिक दिसतात, याचे कारण इतर जात नाहीत, हेही आहे. आमच्या वाचकांत अभियांत्रिकी महाविद्यालयांतील शिक्षक आहेत, दूरसंचार कामगारांच्या संघटनांत काम करणारे आहेत. त्यांनी या विषयाचा मसुदा तयार करावा, राइपचे नियम समोर ठेवून त्यातील उणिवा टाळाव्यात आणि तो पुढील धोरणसभेपूर्वी पाठवावा. मसुदा इंग्रजीत करावा लागेल. त्याचे मराठी टिपण कोणी करून दिल्यास आम्ही या पानावर त्यास जागा देऊ.